बाणाला माळ लागतो

इंग्लंडच्या मधोमध, वॉरिकशायरमध्ये, आमचा तिरंदाजीचा क्लब ज्या मैदानावर जमतो ते मैदान म्हणजे नुसते गवत आहे. शनिवारी सकाळी तिथे फुटबॉलची पोरे असतात, संध्याकाळी कुत्र्यांना फिरवणारी माणसे, आणि महिन्यातल्या एका रविवारी आम्ही. एका टोकाला काठी रोवून तिला लहानसे निशाण बांधायचे आणि पावले मोजत मागे यायचे. पुरुषांसाठी 180 यार्ड, म्हणजे 165 मीटर. बायकांसाठी 140 यार्ड, म्हणजे 128 मीटर. तिथून बाण आकाशात सोडायचा आणि तो त्या काठीच्या बुडाशी उतरावा अशी खटपट करायची. या खेळाला क्लाउट म्हणतात. क्लाउट म्हणजे जुन्या इंग्रजीत कापडाचा तुकडा. मराठीत निशाण हा शब्द झेंड्यालाही चालतो आणि नेमालाही. क्लाउट खेळताना मला आपल्या भाषेतला हा शब्द दर वेळी नव्याने कळतो.

यंदा या मैदानाच्या पूर्वेकडच्या तुकड्यावर घरे बांधण्याचा प्रस्ताव आला आहे. प्रस्ताव वाचला तर कुणाचेही मन राजी होईल. फुटबॉलचे मैदान राहणार आहे, उलट त्यावर कृत्रिम गवत येणार, पाण्याचा निचरा सुधारणार, दिवे लागणार. कागदोपत्री खेळाची सोय वाढते आहे. फक्त शिल्लक राहणाऱ्या जागेची लांबी 120 मीटर आहे, आणि तिच्याभोवती जाळीचे कुंपण येणार आहे. म्हणजे आमचा खेळ तिथे संपला. संपला हेसुद्धा त्या कागदांत कुठे लिहिलेले नाही, कारण तो खेळ तिथे चालत होता याचीच नोंद नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की लांब पल्ल्याच्या तिरंदाजीचा वारसा धनुष्यात नाही, त्या पल्ल्यात आहे. धनुष्य संग्रहालयात ठेवता येते. 180 यार्ड मोकळे गवत कुठल्याही कपाटात ठेवता येत नाही. आणि जमिनीचा हिशोब आपण क्षेत्रफळात करतो, लांबीत करत नाही, म्हणून असा खेळ कुणीही बंद न करता बंद पडतो.

अंतराने एवढा काय फरक पडतो, हे शेजारी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. मी मूळची साताऱ्याकडची. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी 17 व्या वर्षी जगज्जेती झाली आणि त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेऊन जगज्जेता झाला, तेव्हा मी इथे घरात एकटी ओरडत होते. ती कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके बसवलेल्या आधुनिक धनुष्याची स्पर्धा, अंतर 50 मीटर. ऑलिम्पिकमध्ये रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेल्या धनुष्याने 70 मीटरवरून मारतात. त्या अंतरावर लक्ष्य डोळ्यांसमोर असते, आणि सारी कसोटी एकच हालचाल शंभर वेळा तंतोतंत तशीच करण्याची असते. ती कसोटी फार कठीण आहे, तिच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे.

क्लाउटमध्ये निशाण दिसतच नाही. माझे लाकडी धनुष्य हलके आहे, त्यामुळे 128 मीटर गाठायला ते एवढे वर उचलावे लागते की माझीच मूठ निशाण झाकून टाकते. मग नेम धरायचा तो पलीकडच्या ओकच्या शेंड्यावर, किंवा शेंड्याच्या हातभर वर, जिथे काहीच नाही अशा आकाशावर. दोरी सुटते. बाण वर जातो, क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, मग त्याचे टोक खाली वळते. चारेक सेकंद जातात. खाली आपल्याला वारा लागत नसला तरी वर तो असतो, आणि पिसांना तो आधी कळतो. पडल्याचा आवाज येत नाही. मग सगळे मिळून चालत निघायचे, आणि ते चालणे हाही खेळाचाच भाग आहे. निशाणाच्या काठीला एक दोर अडकवलेला असतो, त्यावर खुणा. दोर गोल फिरवत न्यायचा. दीड फुटाच्या आत बाण असेल तर पाच गुण, तीन फुटांच्या आत चार, सहा फुटांच्या आत तीन, नऊच्या आत दोन, बारा फुटांपर्यंत एक. बाकी बाण गवतात तिरपे रुतलेले, आणि ते सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. पहिल्या दिवशी माझे 36 पैकी 36 बाण बारा फुटांच्या बाहेर होते. तरी त्या दिवसाइतका मोकळा श्वास मी या देशात आल्यापासून घेतला नव्हता.

हे सगळे 60 मीटरमध्ये करता येत नाही. चेंडूफळीच्या खेळपट्टीची लांबी अर्धी केली तर तो क्रिकेट राहील का?

ज्या देशात हा खेळ रुजला तिथल्या राज्यकर्त्यांना हे पक्के कळले होते. त्यांचा हेतू युद्धाचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. 1346 ची क्रेसीची आणि 1415 ची एजिन्कोर्टची लढाई इंग्लंडने लांब धनुष्याच्या बळावर जिंकली. तिसऱ्या एडवर्डने 1363 मध्ये फर्मान काढले की सणासुदीच्या दिवशी लोकांनी फुटबॉलसारखे खेळ सोडून धनुष्यबाणाचा सराव करावा. आठव्या हेन्रीच्या 1541 च्या कायद्यात तर बापाने सात वर्षांच्या मुलाला धनुष्य आणि दोन बाण घेऊन द्यावेत असे होते. त्याच कायद्यातले माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे कलम अंतराचे आहे: 24 वर्षांवरच्या माणसाने हलक्या बाणांनी 220 यार्ड किंवा त्याहून जवळच्या निशाणावर मारू नये. कायद्याने जवळचा नेम वर्ज्य केला होता. 1545 मध्ये बुडालेले आणि 1982 मध्ये समुद्रातून वर काढलेले मेरी रोझ हे त्याचे लढाऊ जहाज पाहिले की त्या सरावाचा अर्थ कळतो. त्यात शंभराहून अधिक धनुष्ये आणि हजारो बाण मिळाले, आणि ती धनुष्ये ओढायला लागणारे बळ शंभर पौंडांच्या पुढचे होते. माझे धनुष्य त्याच्या तिसऱ्या हिश्शाचेही नाही.

पण अंतर कायद्यात लिहिले तरी ते जमिनीवर असावे लागते. लंडनच्या उत्तरेला फिन्सबरीची माळराने होती. 1498 मध्ये तिथल्या बागा काढून तिरंदाजांसाठी सपाट मैदान केले गेले. पुढे आसपासच्या गावकऱ्यांनी कुंपणे घातली, चर खणले. 1514 च्या सुमाराची एक हकिकत त्या काळच्या बखरकाराने, एडवर्ड हॉलने, लिहून ठेवली आहे. एक कातारी विदूषकाचा अंगरखा घालून ‘फावडी आणि कुदळी!’ असे ओरडत शहरातून निघाला. त्याच्यामागे एवढी माणसे लोटली की त्यांनी एका सकाळीत सारी कुंपणे मोडून टाकली आणि चर बुजवले. राजाच्या मंत्र्यांनी शहराच्या कारभाऱ्यांना बोलावून जाब विचारला, गाऱ्हाणे ऐकले आणि समज देऊन सोडून दिले.

ही गोष्ट मी क्लबमध्ये अनेकदा सांगितली आहे. कुंपण मोडा असे मला म्हणायचे नाही. आमच्या हातात हरकतीचा अर्ज आहे आणि तोच पुरेसा असायला हवा. पण त्या माणसांना जे समजले होते ते आज नियोजनाच्या कागदांत हरवले आहे. मैदान हिरावले जाते ते मधोमध एक कुंपण आले तरीही.

लंडनकरांचा तो विजय टिकला नाही. 1598 मध्ये जॉन स्टो या इतिहासकाराने शहराचे वर्णन लिहिले तेव्हा त्याच माळांवर पुन्हा कुंपणे आणि श्रीमंतांची उन्हाळी घरे उभी होती. बाहेर मारायला जागा उरली नाही म्हणून आपले तिरंदाज घराजवळच्या चेंडू घरंगळवण्याच्या गल्ल्यांत आणि फाशांच्या अड्ड्यांत शिरू लागले, अशी खंत तो व्यक्त करतो. बंदुका आल्या म्हणून तिरंदाजी गेली, असे आपण शाळेत शिकतो आणि युद्धापुरते ते खरेच आहे. पण खेळ म्हणून ती मागे का पडली, याचे उत्तर स्टोने डोळ्यांनी पाहिले होते. लोकांची आवड संपायच्या आधी त्यांची जागा संपली.

इस्तंबूलची कथा याहून मोठी आणि जास्त अवघड आहे. 1453 मध्ये शहर जिंकल्यावर तुर्की सुलतान दुसऱ्या मेहमदने एक मोठा माळ तिरंदाजांसाठी राखून ठेवला. त्याचे नावच ओकमेयदानी, बाणांचे मैदान. तिथे नेमापेक्षा पल्ला मोजत. ज्याचा बाण 900 गेझ, म्हणजे सुमारे 594 मीटर जाई, त्याला तिरंदाज म्हणून रीतसर मान्यता मिळे. विक्रम झाला की बाण पडला तिथे दगड उभारत, त्यावर नाव आणि कवितेच्या ओळी कोरत. असे दगड आजही आहेत, पण ते आता इमारतींच्या भिंतींना टेकून, गल्लीबोळांत उभे आहेत. विसाव्या शतकात गावाकडून पोटासाठी आलेल्या लोकांनी त्या माळावर घरे बांधली. 2019 मध्ये युनेस्कोने पारंपरिक तुर्की तिरंदाजीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, त्याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र ज्या माळावर बाण सहाशे मीटर जात असे, तिथून तो आज सोडायचा कुठे?

इथे माझ्या युक्तिवादाला खरी अडचण येते आणि ती मी टाळणार नाही. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला ‘हा माळ बाणांसाठी आहे’ असे सांगायचा अधिकार कुणाला आहे? ओकमेयदानीवरची घरे पाडून तिथे पुन्हा माळ करा, असे मी कधीही म्हणणार नाही. इंग्लंडमध्येही घरांची टंचाई खरी आहे. आमच्या क्लबमधला एक तरुण तीस वर्षांचा झाला तरी आईवडिलांकडे राहतो, कारण भाडे परवडत नाही. त्याला घर मिळावे असे मला वाटते. म्हणूनच हा वाद ‘घरे की खेळ’ असा मांडला की दोन्ही बाजू हरतात. आमच्या मैदानावर जेवढी घरे हवी आहेत तेवढी उत्तरेकडच्या लांब पट्ट्यात बसतात. तो पट्टा दिला तर रुंदी जाते, लांबी राहते. फुटबॉलला शंभर-एकशेदहा मीटर लांबी पुरते आणि उरलेली रुंदीही पुरेल. आम्हाला रुंदी फार नकोच आहे. क्षेत्रफळ तेच, घरे तेवढीच, आकार वेगळा. पण आकाराचा विचार करायला आधी लांबी कुणाला तरी हवी आहे हे माहीत असायला लागते.

आणि इथेच कायद्याची उणीव आहे. इंग्लंडमध्ये खेळाच्या मैदानावर बांधकाम करायचे असेल तर स्पोर्ट इंग्लंड या संस्थेचे मत घेणे बंधनकारक आहे. चांगली तरतूद आहे. पण नियोजनाच्या 2015 च्या सरकारी आदेशात खेळपट्टीची व्याख्या दिली आहे, ती अशी: आखलेली जागा, 0.2 हेक्टर किंवा अधिक, आणि तिचा वापर ठरावीक खेळांसाठी. मग खेळांची यादी. फुटबॉल, रग्बी, क्रिकेट, हॉकी, लॅक्रोस, राउंडर्स, बेसबॉल, शिंटी, हर्लिंग, पोलो, सायकल पोलोसुद्धा. तिरंदाजी नाही. ज्या देशाने तीनशे वर्षे कायदे करून आपल्या माणसांना धनुष्य हातात धरायला लावले, त्या देशाच्या मैदानांच्या यादीत तिरंदाजी नाही. शिवाय ‘आखलेली जागा’ हा शब्द बघा. क्लाउटमध्ये आखणी नसतेच. एक काठी, एक निशाण, आणि खेळ संपला की तेही उपटून घरी. आमच्यामागे गवतात चार भोके राहतात. जो खेळ जमिनीवर काही ठेवून जात नाही, त्याची दखल जमिनीचा कायदा घेत नाही.

त्या यादीत तिरंदाजी घालावी, आणि मैदानाच्या बदल्यात मैदान देताना क्षेत्रफळाबरोबर सलग लांबीही नोंदवावी, एवढ्या दोन मागण्या मी करते. यात सरकारचा पैसा जात नाही.

खाजगी जमिनीवर हा खेळ सुखरूप आहे, हे मला ठाऊक आहे. आमच्यापासून जवळच मेरिडनला वुडमेन ऑफ आर्डन ही 1785 मध्ये स्थापन झालेली मंडळी आजही यू लाकडाच्या धनुष्यांनी लांब पल्ल्यावर क्लाउट खेळतात. त्यांनी हा खेळ जपला नसता तर आम्हाला तो पाहायलाही मिळाला नसता, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण त्यांची सभासदसंख्या 80 वर बांधलेली आहे. परंपरा तेवढ्यांपुरती राहिली तर ती घराण्याची होते, गावाची राहत नाही. आणि हा खेळ गावाचा होता. शेक्सपिअरच्या एका नाटकात दोन म्हातारे गप्पा मारताना डबल नावाचा माणूस मेला म्हणून हळहळतात, कारण तो 240 यार्डांवर क्लाउट साधायचा. तो कुणी सरदार नव्हता. गावातला एक माणूस होता, आणि त्याचा पल्ला किती हे गावाला पाठ होते.

मोठ्या शहरात एवढी लांबी ठेवणे शक्यच नाही, असे आमच्या नगरपालिकेच्या बैठकीत एका सद्गृहस्थांनी मला सांगितले. पण दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या ऐन मध्यभागी, इन्वांगसान डोंगराच्या पायथ्याशी, ह्वांगहाकजोंग नावाचे तिरंदाजीचे ठिकाण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते राजवाड्याच्या आवारात सुरू झाले, 1922 मध्ये सध्याच्या जागी आले. तिथे आजही 145 मीटरवरून मारतात. कोरियाची सारी पारंपरिक तिरंदाजी याच 145 मीटरवर चालते, आणि हाच देश ऑलिम्पिकच्या 70 मीटरवर सगळ्या जगाला मागे टाकतो. लांब पल्ला जपला म्हणून जवळचा नेम चुकलेला नाही. भूतानमध्येही अंतर सुमारे 145 मीटरच. तिथे दोन्ही टोकांना लक्ष्ये असतात, एका बाजूने बाण मारून झाले की सगळे दुसऱ्या बाजूला जातात, आणि नेम लागला की मंडळी लक्ष्यासमोर नाचतात, गातात. थिंपूसारख्या राजधानीत चांगलिमिथांग मैदानावर हे चालते. आता तिथेही परदेशी कंपाउंड धनुष्ये आली आहेत आणि बांबूच्या धनुष्याची जुन्या लोकांना काळजी वाटते. मला ती काळजी समजते, पण तेवढी वाटत नाही. धनुष्य बदलले तरी अंतर तेच आहे, नाचणारी माणसे तीच आहेत. ज्याला उद्या बांबूकडे वळायचे असेल त्याला वळता येईल. अंतर गेले असते तर वळायला जागाच उरली नसती.

याउलट जपानात क्योतोच्या सांजूसांगेन्-दो मंदिराच्या सुमारे 120 मीटर लांब ओसरीत बाण सोडण्याची चुरस असे. 1686 मध्ये वासा दाइहाचिरो या तरुणाने एका दिवसरात्रीत 13,053 बाण सोडले आणि त्यांतले 8,133 पार पोचवले. ते मंदिर आजही तसेच उभे आहे. दर जानेवारीत वीस वर्षांच्या मुलामुलींचा मेळा तिथे भरतो, रंगीत किमोनो घालून ती धनुष्य ओढतात, छायाचित्रे जगभर जातात. अंतर 60 मीटर. सोहळा सुंदर आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण दाइहाचिरोने जे केले ते त्यात नाही. इमारत राहिली, पोशाख राहिला, धनुष्य राहिले, पल्ला अर्धा झाला.

सुरक्षेचा मुद्दा नेहमी निघतो, आणि तो निघायलाच हवा. बाण माणसाला मारू शकतो. म्हणून निशाणाच्या मागेही बरीच जागा मोकळी लागते, कडेने लाल झेंडे लावावे लागतात, आणि कुणीही आत आले तर शिट्टी वाजवून सगळ्यांनी बाण उतरवायचे असतात. आमच्याकडे ते काटेकोरपणे होते. एकदा एक छोटी मुलगी चेंडूमागे धावत कुंपणापर्यंत आली तेव्हा बारा जणांनी एका शिट्टीसरशी धनुष्ये खाली केली, आणि ती चेंडू घेऊन आईकडे पोचेपर्यंत कुणी हलले नाही. हे जपणे जमते. महिन्यातून एक सकाळ, तेही ठरलेल्या वेळी.

आमच्या क्लबमधले बहुतेक लोक वर्षाचे आठ महिने शाळेच्या सभागृहात 20 यार्डांवर मारतात. हिवाळ्यात दुसरा इलाजही नाही. तिथेच नवी मुले शिकतात, आणि त्यांना वाटते तिरंदाजी म्हणजे एवढीच. त्यातली एक पंधरा वर्षांची मुलगी मागच्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा क्लाउटला आली. पहिला बाण सोडल्यावर ती तो कुठे पडला हे बघायला विसरली. मान वर करून तशीच उभी राहिली. मग मला म्हणाली, ‘मावशी, तो वर गेल्यावर दिसेनासाच झाला.’ ती मराठी नाही, पण मी शिकवलेला ‘मावशी’ हा शब्द तिला आवडतो.

गेल्या रविवारी तिने आणि मी मिळून मैदान मोजले. 50 मीटरची फीत, पूर्वेच्या कुंपणापासून पश्चिमेच्या कुंपणापर्यंत, दर वेळी जमिनीत खुंटी मारून. दवाने बूट ओले झाले होते. 248 मीटर भरले. हरकतीच्या अर्जात नावाखालच्या पहिल्याच ओळीत तो आकडा लिहिला आहे.